द्रौपदीताई रडल्या की फिल्म पास

अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही ॲनिमेशनच्या पाच-सहा मिनिटांच्या फिल्म बनवतो. मी तिथे संवादलेखक आहे. आमच्या फिल्ममध्ये कुणी बोलत नाही. सहा वर्षांत माझा पडद्यावर गेलेला एकूण मजकूर म्हणजे ‘आभार’ हा एक शब्द, तोही बारीक अक्षरात.

बोललं की फिल्म एका भाषेची होते आणि गप्प राहिली की सगळ्या जगाची होते, असं आमचे चंद्रप्रकाश सर म्हणतात. सर मालक आहेत, त्यामुळे हे तत्त्व आहे. खरं कारण वेगळं. बोलणाऱ्या माणसाचे ओठ शब्दाशब्दाला हलवावे लागतात आणि त्यात दोन महिने जातात. न बोलणाऱ्याचे नुसते डोळे मोठे काढले की भागतं.

आमच्या फिल्ममध्ये एक म्हातारं माणूस असतं, एकटं. एक खिडकी असते. सगळं करडं आणि एकच वस्तू लाल, म्हणजे छत्री, पतंग नाहीतर मफलर. चौथ्या मिनिटाला पियानो सुरू होतो आणि म्हातारं माणूस जातं. मरत नाही, उजेडाचे ठिपके होऊन वर जातं. हल्ली जिकडे बघाल तिकडे हेच चाललंय, त्यामुळे एकट्या आमच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मी तरी चिडतो. एकदा मीटिंगमध्ये विचारलं, यात गोष्ट कुठे आहे? सर म्हणाले, “गोष्ट जुनी झाली रे नितेश. आता फीलिंग.”

आणि फीलिंग आलं की नाही, हे द्रौपदीताई ठरवायच्या.

द्रौपदीताई आमच्याकडे चहापाणी बघतात. पन्नाशी उलटलेली, राहायला मानखुर्दला, येणं-जाणं बसने. दर गुरुवारी पाच वाजता कच्ची फिल्म पॅन्ट्रीतल्या टीव्हीवर लावायची, ताईंना समोर खुर्चीवर बसवायचं आणि आम्ही सगळ्यांनी हातात चहा घेऊन फिल्मऐवजी त्यांच्याकडे बघायचं, अशी पद्धत पडली होती. त्यांनी पदर डोळ्याला लावला की फिल्म पास. चार वर्षांत एकदाही चुकलं नाही. पियानो सुरू झाला की पदर वर. सर पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, “मोठ्या कंपन्या सर्व्हे करतात. आमच्याकडे ताई आहेत.” ताई पाहुण्यांना पाणी द्यायच्या.

गेल्या वर्षी ताईंचे मालक, म्हणजे यजमान, गेले. दादू त्यांचं नाव. घाटकोपरला एका सातमजली इमारतीत ते छत्तीस वर्षं लिफ्टमन होते, जुन्या जाळीच्या दरवाजाच्या लिफ्टवर. ताई महिनाभराने कामावर आल्या, आणि रुचिरा त्यांच्याजवळ पॅन्ट्रीत बसायला लागली. रुचिरा आमची दिग्दर्शक, वय सव्वीस, मनाने चांगली. तिला ताईंनी सांगितलं की दादू लिफ्टमध्ये गोष्टी सांगायचे. गोष्ट मजल्यावर मोजलेली. तिसऱ्यावर उतरणाऱ्याला तीन मजल्यांची, सातव्यावाल्याला सातांची. चौथ्यावर उतरायची माणसं गोष्टीपायी सातव्यापर्यंत जायची आणि जिन्याने खाली यायची.

रुचिराचे डोळे भरले. म्हणाली, “ताई, मी यावर फिल्म करणार.”

“कर. पण त्यांना बोलताना दाखव,” ताई म्हणाल्या. “फोटो चार आहेत घरात. आवाज कुठंच नाही. फोनमध्ये होता थोडा, तो फोन पिंपात पडला. आता मला त्यांचा आवाज रोज थोडा थोडा विसरायला होतंय.”

“प्रॉमिस ताई,” रुचिरा म्हणाली.

मी हे ऐकलं आणि त्याच दिवशी लिहायला बसलो. सहा वर्षांनी संवाद! अकरा पानं झाली. सरांनी ती वाचली, झकास म्हणाले आणि खणात ठेवली. परदेशातल्या एका फेस्टिव्हलची तारीख जवळ आली होती आणि ओठ हलवायला वेळ नव्हता. रुचिरा दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी डोळे मोठे काढायला बसली. मीही गप्प बसलो. सवय होती.

गुरुवार आला. ताई खुर्चीत बसल्या. त्या दिवशी नीट इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या.

फिल्ममध्ये करडी लिफ्ट, तीत करडे दादू, गळ्यात लाल मफलर. घाटकोपरला मफलर. दादू गप्प. एक पाखरू लिफ्टमध्ये येतं, दादू त्याच्याकडे बघतात, पाखरू दादूंकडे बघतं. माणसं चढतात, उतरतात, कुणी बोलत नाही. चौथ्या मिनिटाला पियानो. लिफ्ट सातव्या मजल्यावर न थांबता वर निघते, छत फोडून ढगात जाते आणि दादूंचे ठिपके होतात.

पदर हलला नाही.

“ताई, परत लावू का?” सरांनी विचारलं. परत लावली. पदर जागेवर. तिसऱ्या वेळी संगीतवाल्या प्रांजलने पियानोचा आवाज वाढवला. काही नाही.

मग ताई म्हणाल्या, “सातव्याच्या वर गच्ची होती. गच्चीवर पाण्याची टाकी. लिफ्ट ढगात कशी गेली?”

“ते सिम्बॉलिक आहे ताई,” रुचिरा म्हणाली.

“असेल. पण मेकॅनिकला बोलवायला पाहिजे ना कुणीतरी. लिफ्टमध्ये माणूस आहे.”

रुचिरा रडवेली झाली. “पण ताई, दर वेळी तर तुम्ही रडता.”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मग सांगून टाकलं. “दर वेळी मला सहा-दहाची बस असते. मी डोळे पुसले की तुम्ही उठता. तुम्ही उठलात की मला कपबशा धुता येतात. नाही पुसले तर तुम्ही चर्चा करत बसता.”

“पण बरोबर चौथ्या मिनिटाला?” सर म्हणाले.

“तेव्हा सगळ्यांचा चहा संपलेला असतो.”

सरांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर परदेशातली अकरा प्रमाणपत्रं आहेत, फ्रेम करून लावलेली. ताई चौथ्या मिनिटाला रडतात म्हणून आम्ही पुढची प्रत्येक फिल्म चौथ्या मिनिटाला नेऊन ठेवत गेलो होतो. चार वर्षं आम्ही म्हातारी माणसं मारत होतो, कारण तेव्हा आमचा चहा संपत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण ताई अजून उठल्या नव्हत्या.

“तुला एकच सांगितलं होतं गं,” त्या रुचिराला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मालक जन्मात एकदाच गप्प बसले. सकाळी चहा ठेवला, हाक मारली, उत्तर आलं नाही. आत जाऊन बघायच्या आधीच मला कळलं. तू सहा मिनिटं तेच दाखवलंस.”

मला माझी लाज वाटली. ओठ हलवायचे कष्ट वाचावेत म्हणून आम्ही एका बडबड्या माणसाला मुकं करून टाकलं होतं, आणि तो कसा बोलायचा हे माहीत असलेली बाई आम्हाला रोज दोनदा चहा देत होती.

“काय सांगायचे ते?” रुचिराने विचारलं. “एक सांगा ना ताई.” आणि तिने फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला.

ताई कपबशा गोळा करायला लागल्या होत्या. हात न थांबवता सुरू झाल्या, आणि सुरू झाल्या त्या वेगळ्याच ठसक्यात.

“चला, आत सरका, दरवाजा लावू द्या. तर आमच्या गावात एक म्हैस विहिरीत उतरली. पायऱ्यांची विहीर, भर उन्हाळा. पहिला मजला. कोण उतरणार? कोण नाही. म्हैस वर येईना. पाणी गार, ती कशाला येते? दुसरा. तिला हाकलायला मालक उतरला. त्यालाही गार वाटलं, तोही येईना. तिसरा. त्याला बोलवायला भाऊ उतरला, भावाला बोलवायला सरपंच. चौथा मजला, उतरा.” ताई थांबल्या.

“मग?” सर म्हणाले.

“असंच विचारायचे सगळे. उतरायचं कुणी नाही. पाचवा. तलाठी उतरला, मास्तर उतरले, बायापोरं उतरली. सहावा. अख्खा गाव एकाच पाण्यात.” इथे ताई गप्प राहिल्या. “इथं ते काही बोलायचे नाहीत. सहावा मजला अख्खा मोकळा सोडायचे. नुसते बघायचे माणसांकडे. मग सातवा. म्हैस म्हणाली, फार गर्दी झाली बुवा, आणि पायऱ्या चढून घरी गेली. चला, उतरा सावकाश.”

आम्ही हसलो. सरसुद्धा. हसताना सहाव्या मजल्याचं कळलं, त्या विहिरीत शिवाशीव उरली नव्हती ते, तसा प्रांजल मध्येच थांबला.

“पण ओठ?” सर शेवटी म्हणाले. “दोन महिने जातील यार.”

“ओठ कुठे दिसायचे त्यांचे?” ताई म्हणाल्या. “बटणांकडे तोंड करून बसायचे ते. माणसांकडे पाठ. छोटा आरसा होता समोर, त्यातून बघायचे.”

अकरा प्रमाणपत्रांच्या स्टुडिओत हे कुणाला सुचलं नव्हतं.

मी खणातली माझी अकरा पानं काढून घेतली आणि वाचली. त्यांत दादू सुविचार बोलत होते. ती फाडून टाकली. फेस्टिव्हलची तारीख निघून गेली. मफलर गेला, पाखरू गेलं, पियानो गेला. राहिली दादूंची पाठ, आरसा, दरवाजाचा खडखडाट आणि ताईंचं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग, कपबशांच्या आवाजासकट. ते परत नीट करू या म्हटलं तर ताईंना तसं जमेना.

पाच आठवड्यांनी गुरुवारी फिल्म लागली. ताई खुर्चीत. पडद्यावर दादूंची पाठ आणि “चला, आत सरका.” सहाव्या मजल्यावर आरशात दोन डोळे दिसतात, साध्या आकाराचे. मग सातवा. चौथं मिनिट कधी येऊन गेलं कळलं नाही, कारण त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही सगळे फिल्म बघत होतो.

संपल्यावर मी ताईंकडे पाहिलं. गाल ओले होते. पदर मांडीवर तसाच होता.

“असंच,” त्या म्हणाल्या. “असंच बोलायचे.” आणि मग, “परत लावा.”

परत लावली. मग आणखी एकदा. सहा-दहाची बस गेली, त्यानंतरचीही गेली. कपबशा मी धुतल्या.