मोबाईल पुढे धरला की अहिराणी गायब

पीएच.डी.ला बसलं की प्रबंध होवो न होवो, किस्से मात्र गाडीभर होतात. माझा विषय अहिराणी बोली. मार्चच्या आत सहज बोलण्याची रेकॉर्डिंगं दिली नाहीत तर रजिस्ट्रेशन रद्द. नुसता वैताग!

*

धुळ्यातल्या आमच्या रिसर्चवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, "रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला सॉफ्टवेअर सुचवा. आणि वाचायला काही."

मग एकाने गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं. त्याला मात्र सगळ्यांचे अंगठे!

*

शेवटी एका सिनियरने सॉफ्टवेअरचं नाव दिलं. कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार नाना म्हणाले, "ओरिजिनल टाकू का साधं?"

"नाना, ते फुकटच आहे."

नानांनी लॅपटॉप परत सरकवला. "फुकटातलं मी टाकत नाही, ताई. उद्या बिघडलं तर भांडायचं कोणाशी?"

घरी येऊन माझं मीच टाकलं.

*

पुस्तकं गाईडसरांनी सुचवली. सर छापल्यासारखं मराठी बोलतात. त्यांच्यापुढे मीही जपूनच बोलते. "हा ग्रंथ अवश्य वाचा. ग्रंथालयात उपलब्ध आहे."

ग्रंथालयातल्या अक्कांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "तुमच्या सरांकडेच आहे, कितीतरी वर्षं. तुम्हीच मागा ना!"

मी? सरांना? डोकं फिरलंय का माझं!

*

नरडाण्याची माझी मावशी दिवसभर अहिराणीत भांडते. मोबाईल पुढे धरला, तर बाई आत जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली आणि बातम्या दिल्यासारखी सुरू झाली, "आमच्या गावात पाणी वेळेवर येते."

"मावशी, आपलं बोल ना!"

"तुना मोबाईलमा गावठी कसाले? मोठा लोके ऐकतीन!"

जाईन त्या गावात हेच. रडायचीच बाकी होते मी.

*

तरी मावशीची फाईल सरांना ऐकवली. मावशी थांबली, फाईल चालूच. रेकॉर्डिंग बंद करायचंच राहिलं होतं! स्टँडवरून आईला केलेला फोन त्यात आला होता.

"माय व, मन्हा जीव कटाळना! बठ्ठा लोके मन्हासंगे पुस्तकनं बोलतस. आनि मीबी तेस्नासंगे तसंच बोलस!"

सर ताठ बसले. "हेच! हेच हवं होतं! कोण ही बाई? हिलाच धरा."

"सर... मी."

सरांनी चष्मा काढला.

"मंग मन्हासंगे इतला दिन मराठी कसाले बोलनी व?"