पुरवणीताईंची ऑर्डर

हॉस्पिटलच्या खरेदी विभागात त्यांना सगळे पुरवणीताई म्हणत. दोन ओळींच्या ऑर्डरला दीड पानाची पुरवणी जोडल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. सासूबाई तर म्हणायच्या, हिला लिंबं आणायला सांगा, ही आधी किती, केवढी आणि किती वाजेपर्यंत ते विचारेल.

पण ताई उगीच अशा झाल्या नव्हत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी औषधांच्या कपाटाच्या ऑर्डरमध्ये इंग्रजीत ‘हॉस्पिटलला पोहोचवणे’ एवढंच लिहिलं. पुरवठादाराने कपाट फाटकात उतरवलं आणि हात झटकले. ते दारातून आत जाईना. आठ दिवस लोक त्याला वळसा घालून गेले आणि ताई मान खाली घालून. तेव्हापासून ऑर्डर लिहिण्याआधी त्या पर्समधला मापाचा टेप काढून फाटकापासून मालाच्या जागेपर्यंत चालत जात आणि वाटेत लागेल ते सगळं इंग्रजीत उतरवत.

यंदा लाँड्रीचं मोठं मशीन बंद पडलं. धुतलेल्या चादरी शुक्रवारपर्यंतच पुरणार होत्या, मग ऑपरेशनं थांबणार. ताईंनी रॅम्प मोजला, दोन वळणं मोजली, दार मोजलं. ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ खोडून गुरुवार, सकाळी दहाच्या आत असं केलं. खाली एक ओळ घातली: मशीन लाँड्रीच्या खोलीत चौथऱ्यावर बसवून, पाणी-वीज जोडून, चादरींची एक खेप धुऊन दाखवणे.

खरेदी विभागाच्या साहेबांनी नेमकी तीच ओळ कापली. एवढ्या अटी वाचून पुरवठादार पळून जाईल, म्हणाले.

ताईंनी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. “साहेब, ओळ राहू द्या. तो पळाला तर मला या टेबलावरून उठवा.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून ओळ राहू दिली आणि सही केली.

गुरुवारी साडेनऊला ट्रक फाटकात आला आणि ताई जिना धावतच उतरल्या. ड्रायव्हर म्हणाला, मशीन इथंच उतरवतो, आत न्यायचं आमच्याकडे नसतं. ते जुनं कपाट डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यांनी ऑर्डर पुढे केली. ड्रायव्हरने बोट ठेवून ती ओळ वाचली, ऑफिसला फोन लावला आणि हसला. चार माणसं आणि मेकॅनिक मागच्या गाडीत निघालेच होते. दारातून बरोबर जाईल अशी ढकलगाडीही होती त्यांच्याकडे, कारण दाराचं माप त्यांना ऑर्डरमधून आधीच कळलं होतं.

बारा वाजता मशीन घुमू लागलं. पहिली चादर बाहेर आली तेव्हा ताईंना लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्यांनी त्या वाजवल्याही.

संध्याकाळी साहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. हातात एक्स-रे मशीनच्या ऑर्डरचा दोन ओळींचा कच्चा कागद होता.

“यात काय राहिलंय, बघता का?”

ताईंनी कागद वाचलाच नाही. पर्समधून टेप काढला, त्याचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “चला, फाटकापासून सुरू करू.”