पडायला शिकताना

माझ्या मुलीच्या घराच्या खिडकीतून बर्फाचं मोठं मैदान दिसतं. आज तिथे सपाटीवरचं स्कीइंग शिकणाऱ्यांचा पहिला दिवस आहे. शिकवणारी त्यांना आधी पडायला शिकवते आहे. कुशीवर पडायचं, पायांना बांधलेल्या लांब पट्ट्या शेजारी-शेजारी आणायच्या, गुडघ्यांवर यायचं, उठायचं. साठीची एक बाई चारदा पडली. कुणी हात दिला नाही, कुणी हसलंही नाही.

नोकरीनिमित्त आम्ही याच देशात राहत होतो, तेव्हा माझ्या बायकोनेही हौसेने अशा पट्ट्या बांधल्या होत्या. दहा पावलांत ती पडली. "थांबा हो, माझी मी उठते," ती हसत म्हणाली. शेजारी बघत होते. मी तिला दंडाला धरून उभं केलं. "पुरे आता! वय काय, चाललंय काय!" पडलेल्याला हात देणं ही माया असते म्हणतात. त्या हातात माया नव्हती. पट्ट्या काखेत मारून मी घराकडे चालू लागलो.

पुढे पाहुण्यांना मी रंगवून सांगायचो, "हिचं स्कीइंग दहा पावलांचं. घाबरली!" पाहुणे हसत. तीही हसायची आणि कपबशा उचलून आत जायची.

मघाशी मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "आई किती घाबरली होती ना, बाबा?"

"ती नाही घाबरली. लोक बघतायत म्हणून मी घाबरलो."

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "हे आई असताना का नाही बोललात?"

बाहेर ती बाई पाचव्यांदा पडली, आणि आपली आपण उठली.