पोळीवर कापलेले राज्य

कणीक तिंबताना तिचा ओलसर, गोडसर वास आला की दोहातली सुटीची ती शुक्रवार-दुपार लखलखून उठते. शेजारची जर्मन बाई एका ड्यूक घराण्याची लेक. मी लाटलेल्या पोळीवर तिने सुरीने पूर्वजांचे राज्य आखले आणि पिढीपिढीला भावाभावांत कापत ती सुपारीएवढ्या तुकड्यावर आली. "मग एकाने नियमच केला, राज्य कापायचे नाही, सगळे थोरल्याला!" गावच्या आंबराईच्या वाटणीवर सही करावी की नाही, या घोरात बसलेले माझे यजमान ताडकन उठले. "आपलीही नाही कापायची! सगळी धाकट्या भावाला!" "अहो, नियम उलटा झाला की!" "झाडांना पाणी तोच घालतो ना? चल, ट्रंक कॉल लावू!" आम्ही तापलेल्या उन्हात टेलिफोन ऑफिसकडे अक्षरशः धावलो. आजही मोहर आला की दीर फोनवर ओरडतात, "वहिनी, संस्थान घमघमतंय!"