सुगंधाकाकींचा काष्टा

सुगंधाकाकींचा उजवा हात मागे जाईनासा झाला, हे चाळीला सर्वांत आधी त्यांच्या काष्ट्यानं सांगितलं.

देवगडकडच्या या काकी लग्न होऊन मुंबईत आल्या त्या नऊवारीत, आणि साठीला टेकल्या तरी नऊवारीतच होत्या. काष्टा असा सरळ नि घट्ट, की आमच्या मुलुंडच्या चाळीतल्या बायका म्हणत, काकी पट्टी लावून नेसतात. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो एका बाजूला ढिला दिसू लागला. मग एका सकाळी त्यांची सून सुलक्षणा मला दिसली. ऑफिसला निघालेली, पर्सचा बंद दातांत धरलेला, आणि वाकून सासूचा काष्टा खोचत होती. काकी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काय झालं हो काकी?" मी विचारलं.

"खांदो, शकु. वर जाणा नाय, मागे जाणा नाय. हात माझो, पण माझा ऐकणा नाय."

सुलक्षणा गुणाची. कधी कुरकुर केली नाही. पण तिची गाडी चुकू नये म्हणून काकी पहाटेच अर्धवट नेसून, लुगड्याचा घोळ हातात धरून तिची वाट बघत बसायच्या. ते बघवत नसे. शेवटी मुलानं पाचवारी आणून दिली. "आई, गोल नेस ना. सगळ्यांचाच ताप वाचेल."

काकींनी ती घडी न मोडता ट्रंकेवर ठेवली. "गौरीपर्यंत थांब. तवसर माझो काष्टो माका जमलो नाय, तर गोल नेसतंय. मगे फुगडेत पण माका बोलवूचा नाय."

गौरीच्या दिवशी आमच्या अंगणात फुगडीचा फेर काकीच धरायच्या. त्यांच्याशिवाय फुगडी कोणी पाहिलीच नव्हती.

मग उपायांना सुरुवात झाली. सखुबाई बाळंतिणींना तेल लावायची. चाळीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन ती आली. "बया बया, काय दगुड झालाय खांद्याचा!" म्हणत तासभर रगडायची. काकींना गाढ झोप लागायची. संध्याकाळपर्यंत खांदा पुन्हा जिथल्या तिथं.

"तेलान काय होतला?" दत्तारामकाका म्हणाले. काकींचे यजमान ते, पूर्वी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत. संपानंतर एका नटबोल्टच्या कारखान्यात वॉचमन झाले होते. त्यांचं मोडलेलं मनगट कधीकाळी कांजूरच्या हाडवैद्यानं झकास बसवलं होतं. ते मनगट फिरवून दाखवत ते काकींना तिकडे घेऊन गेले. वैद्यानं लेप लावून हात छातीशी बांधून टाकला, तो जवळजवळ महिनाभर. पट्टी सुटली तेव्हा काकींना स्वतःचे केससुद्धा विंचरता येईनात. मोडलेलं जोडायची विद्या त्या माणसाकडे नक्की होती. पण इथं मोडलेलं काहीच नव्हतं, आखडलेलं होतं.

काका मनगट खिशात घालून फिरू लागले.

मग मी हट्टानं काकींना एका धर्मादाय इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, "हाड ठीक आहे, खांदा गोठलाय," म्हणाले आणि व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथं माणिक नावाची फिजिओथेरपिस्ट, माझ्याहूनही लहान. तिनं खांदा हातात घेऊन असा काही सरकवला, की काकींनी तिच्या सात पिढ्यांचा मालवणीत उद्धार केला. मग माणिक म्हणाली, "आता तुम्ही स्वतः करायचं."

बाहेर पडताच काकी कडाडल्या. "ह्या चेडू माकाच सांगता, तुमी करा, तुमी करा! मगे मी हय कित्याक इलंय? सखुबाय बरी. ती रगडता, मी झोपतंय."

दुसऱ्या खेपेला त्या केवळ माझ्या भिडेखातर आल्या. त्या दिवशी माणिकनं विचारलं, "काकी, या हातानं तुम्हाला काय करायचंय?"

काकी तिच्याकडे बघतच राहिल्या. आजवर जो तो विचारत होता, कुठे दुखतंय.

"माका माझो काष्टो घालूचो आसा."

"म्हणजे नेमकं कसं? मला कधी नेसता आलं नाही. दाखवा ना."

काकींनी डाव्या हातानं दाखवलं. चुण्या अशा, मग मागे, मग कमरेत खोच. माणिकनं दोनदा करायला लावलं आणि टॉवेल आणला. एक टोक डाव्या हातात खांद्यावरून, दुसरं उजव्या हातात पाठीमागे. "डाव्यानं वर ओढा, उजवा आपोआप येईल. दुखेल, पण सोसवेल इतकंच. आणि सखुबाईंचं तेल सोडू नका. अंग सैल झालं की लगेच हे करा."

काकी इस्पितळात गेल्यापासून रुसलेली सखुबाई हे ऐकून खुलली. काकींनी टॉवेलऐवजी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घेतली. दाराशेजारच्या भिंतीवर बोटांनी खेकड्यासारखं वर चढायचं आणि पोचेल तिथं हळदीचं बोट उमटवायचं, हीही त्यांचीच युक्ती.

"खांदो बरो करतंस की भिंत रंगवतंस?" काका म्हणायचे.

"तुमी ग्वाप ऱ्हवा. मनगटवाले!"

हळदीची बोटं चढत गेली. पण श्रावणात चढायची थांबली. त्याच सुमारास देवगडहून काकींचा भाऊ आला. गावाकडे एक जण एका हिसक्यात खांदा मोकळा करतो म्हणे. "गौर तोंडावर इली. चल माझ्यावांगडा, चार दिवसांत फुगडी घालशीत."

काकींनी ट्रंकेवरच्या पाचवारीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काकाच हळूच म्हणाले, "गो, साच्यात अडकलेलो धोटो हिसकलो, तर सगळो ताणो तुटता. सोडवूक टाइम लागता."

साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाचं ते बोलणं ऐकून काकी भावाकडे वळल्या. "ऐकलंस? सुतासुतान गेलो हात, सुतासुतानच येतलो. तू च्या पी."

आणि त्यांनी पट्टी पाठीवर टाकली.

गौरीच्या दिवशी माणिकलाही आमंत्रण होतं. अंगणात बायका जमल्या, पण काकींचं दार बंद. आतून ना हाक, ना बांगड्यांचा आवाज. सुलक्षणा कासावीस. "आई, येऊ का मी?"

"येव नको!"

आणखी थोडा वेळ गेला. दार उघडलं. हिरवं इरकल, नाकात नथ, कपाळ घामानं डवरलेलं. काकींनी आमच्याकडे पाठ केली आणि तशाच उभ्या राहिल्या. काष्टा खोचलेला होता. बोटभर तिरका होता, पण घट्ट होता.

सुलक्षणाचा हात सवयीनं तो सरळ करायला पुढे गेला.

"हात लावलंस तर बघ!" काकी न वळताच ओरडल्या. मग वळल्या, तोच हात सुनेपुढे केला आणि म्हणाल्या, "हो हात घे. फुगडी घालूक व्हयो तर घे."

सुलक्षणानं पदर खोचला. चाळ भोवती उभी राहिली, माणिक टाळ्या पिटत होती, आणि सासूसुना अशा गरगरल्या की कोण कुठली ते कळेना. शेवटी सुलक्षणाच धापा टाकत म्हणाली, "पुरे, आई, पुरे! खांदा गेला माझा."

"तेल लाव," लांबून सखुबाई ओरडली.

"आणि मगे तुझा तूच कर," काकी म्हणाल्या, आणि पुढच्या फुगडीसाठी त्यांनी माणिकला आत ओढलं.