तोंड बंद ठेवण्याचे इंग्रजी

“होल्ड युअर टंग, मॅडम!” असे म्हणताना ते चिमटीत स्वतःची जीभ धरल्याचा अभिनय करीत आणि समोरच्याने हसावे म्हणून थांबत. मी कधी हसले नाही.

वाराणसीतल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि उपप्राचार्यही होते. मी गणिताची. दोघेही मराठी घरातले, बालाजी घाटाच्या वस्तीत वाढलेले. जवळीक मात्र कधी झाली नाही. ते चांगले शिकवत, हे नाइलाजाने नोंदवले पाहिजे. वाक्प्रचार हा त्यांचा खास प्रांत, त्यातही गप्प बसण्याचे. ‘कीप इट अंडर युअर हॅट’ म्हणजे ऐकलेली गोष्ट टोपीखाली ठेवा, कोणाला सांगू नका, असे ते एकदा वर्गात समजावत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, टोपी नाही. गमछा चलेगा?” वर्ग हसला. विचारणारा तासभर उभा राहिला.

वाचकहो, अशी माणसे आपणही पाहिली असतील. या वाक्प्रचारांची दिशा नेहमी खालीच असे, हे लक्षात यायला मला दोन वर्षे लागली. शिपायाला ‘बटन युअर लिप’, नव्या शिक्षिकेला ‘नॉट अ वर्ड’. व्यवस्थापनाने आमच्या अडचणी विचारल्या, की स्वतः मात्र “माय लिप्स आर सील्ड” म्हणून गोड हसत.

प्रश्नपत्रिकांचे लाखबंद पाकीट दोन शिक्षकांसमोर फोडायचे आणि त्यावर दोघांनी वेळ घालून सही करायची, असा आमच्याकडे नियम होता. वार्षिक परीक्षेत एका सकाळी त्यांनी पाकीट एकट्यानेच फोडले आणि व्हरांड्यात माझ्यापुढे धरले. एकक लिहिले नाही म्हणून अर्धा गुण कापणारी मी, न पाहता सही करून मोकळी झाले. दोन रांगांना कागद वाटल्यावर कळले, पेपर उद्याचा होता.

दुपारी ते माझ्याकडे आले. “रामदुलारीने चुकीचं पाकीट आणलं, असा रिपोर्ट देतोय मी.”

“कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते, सर.”

“आणि पाकिटावर सही तुमची आहे. मम्स द वर्ड, मॅडम. अर्थ सांगू?”

“माहीत आहे.”

रामदुलारी आमची शिपाई. तीन वर्षे हंगामी होती, त्या महिन्यात कायम व्हायची होती. जिन्यात तिने मला अडवले. “मैडम, हम तो अलमारी छुए भी नहीं थे. आप तो वहीं थीं ना?”

मी तिथे नव्हते. हेच तर सांगायचे होते, आणि ते सांगितले की माझी सही खोटी ठरत होती.

दुसऱ्या दिवशी मी ते, किल्लीच्या गोष्टीसकट, प्राचार्यांना लेखी दिले. मला ताकीद मिळाली, परीक्षेच्या कामातून वगळले गेले. रामदुलारी कायम झाली. त्यांचे उपप्राचार्यपद गेले. निवृत्तीपर्यंत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. तेवढ्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मागच्या महिन्यात ते वारले. प्रार्थनेनंतर प्राचार्यांनी दोन मिनिटांचे मौन जाहीर केले. साऱ्यांच्या माना खाली गेल्या. घंटेपाशी उभ्या असलेल्या रामदुलारीची गेली नाही, माझीही नाही. तिने टोला दिला. प्राचार्य दचकून माझ्याकडे वळले.

“मैडम, दो मिनट हो गए?”

माझ्या घड्याळात पन्नास सेकंद झाले होते.

“हो गए, सर,” मी म्हणाले.