उंचावरून दिसणारा डोंगर

महाडहून महाबळेश्वरची एसटी सुटली तेव्हा मी मांडीवर उपग्रहाचं चित्र पसरून बसलो होतो. एखाद्या परग्रहाची पाहावीत तशी पृथ्वीची पर्वत-पठारं दुरून पाहणं, हा तेव्हा माझा अभ्यास. चित्रात सह्याद्री तापीपासून गोव्यापर्यंत एका ओळीत दिसत होता.

शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर पाय बांधलेली कोंबडी. तिने चित्र ओढून फिरवलं. समुद्र खाली, घाट वर. डोंगरातल्या माणसांना बाजार खाली आणि घर वर, एवढ्याच दिशा.

“यात आमचा पोलादपूरचा डोंगर हाय का रे?”

मी पोलादपूरपाशी पेन्सिल टेकवली. तिने पदराला बोट पुसून तिथे अलगद ठेवलं. अख्खा तालुका बोटाखाली गेला.

“दरड आली नि वाडी गेली आमची. ती दरड दिसते?”

“एवढ्या उंचावरून नाही दिसत, आजी.”

तिने बोट उचलून खाली पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजे वाडी हाय यात अजून.”

आंबेनळी घाटात ती उतरली, तेव्हा चित्र तिलाच दिलं.

आता संगणकावर कुठलाही डोंगर हवा तेवढा जवळ आणता येतो. तेवढा एक मी लांबच ठेवतो.